विटेची उंची आणि मूठभर अक्षता

उधना, सुरत
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९९७

तीर्थस्वरूप रघुनाथराव दाजी यांना मधुकरचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे हे अंग सध्या डॉक्टरांच्या ताब्यात आहे, म्हणून ते वगळून उरलेल्या सातांचा नमस्कार गोड करून घ्यावा. आठातून एक गेला की सात उरतात, हे हल्ली मी दोनदा तपासून लिहितो. कारण पुढे येईलच.) आम्ही सर्व खुशाल आहोत. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात जो पारदर्शक डाग दिसेल तो अश्रूंचा नाही, तुपाचा आहे. आज इथे चांदणी पडवो. आपल्याकडे कोजागिरीचे दूध पिऊन लोक गप्प झोपतात, पण सुरतकरांचे तेवढ्याने भागत नाही. ते दुसऱ्या दिवशी घारी खातात. मावा आणि पिस्ते पिठाच्या पारीत कोंबून, तळून, वर पुन्हा तुपाचा गिलावा द्यायचा, असा तो प्रकार आहे. आमच्या सौ. सुमनने अर्धी घारी माझ्यापुढे ठेवली आणि बाकीच्या शेजारी पोहोचवल्या, यावरून माझ्या प्रकृतीबद्दल घरात काय मत आहे ते आपल्या ध्यानात येईल.

आपली प्रकृती कशी आहे? निवृत्तीनंतर वेळ जात नाही अशी लोकांची तक्रार असते. आपल्याबाबतीत तसे नसावे. अमळनेरहून येणाऱ्या वार्तांवरून असे कळते की शाळेतून मोकळे झाल्यावर आपण घरातल्या कारभारात, विशेषतः स्वयंपाकघरात, लक्ष घालू लागला आहात. फार चांगले. उषाताईला मदतच होत असेल. ताईची पाठ कशी आहे? तिला माझा नमस्कार सांगा, आणि हे पत्र आपले वाचून झाल्यावरच तिच्या हाती द्या. आधी तिने वाचले तर ती मधले सगळे गाळून शेवट सांगून टाकील. लहानपणी कीर्तनालाही ती तेच करी.

आता मुख्य वर्तमान. मी गणित शिकवतो.

आपण चष्मा पुसून हे वाक्य पुन्हा वाचले असेल. वाचा. ज्या मधुकरला आपण लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत पाटावर बसवून त्रैराशिक घातले होते, आणि ज्याने उत्तरादाखल रामाची सप्तमी चालवून दाखवली होती, तोच हा मधुकर. घडले ते असे. आमच्या शाळेत गणिताला अपर्णाबाई होत्या. हुशार मुलगी. गणपतीत तिच्या यजमानांची बदली भरूचला झाली आणि ती गेली. तेव्हापासून दहावीला गणिताचा तास आहे, फळा आहे, खडू आहे, मुले आहेत, फक्त गणित नाही. मुख्याध्यापिका शोभाबाईंनी वेळापत्रकाकडे पाहिले तेव्हा त्या तासाला रिकामा असा एकच प्राणी सापडला. मी म्हणालो की माझा विषय संस्कृत आहे. त्या म्हणाल्या की गणितातले शब्द सगळे संस्कृतच आहेत की. या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे हे मला कळत होते, पण ती दाखवायला तर्कशास्त्र लागते आणि तोही माझा विषय नाही.

मुलांचे म्हणाल तर ती उधना, नवागाम, भेस्तान इथल्या कामगारांची. बहुतेकांचे आईबाप खानदेशातले, आपल्याच बाजूचे. त्यांत वैशाली नावाची एक मुलगी आहे. तिचे वडील नवागामला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहेत. तिला दहावीनंतर डिप्लोमाला जायचे आहे आणि त्यासाठी गणितात किती पडायला हवेत हे तिला पक्के ठाऊक आहे. गणपतीपासून तिने एक व्रत घेतले आहे. मी हजेरी घेतो, तिचे नाव येते, आणि ती 'हजर' म्हणायच्या ऐवजी विचारते, "सर, गणिताचे सर कधी येणार?" आवाज चढवत नाही, तोंड वाकडे करत नाही. रोज विचारते. मी रोज 'येतील' असे म्हणतो आणि हजेरी पुढे नेतो. भविष्यकाळाचा इतका गैरवापर मी आयुष्यात केला नव्हता.

शोभाबाईंनी हा प्रश्न संस्थेचे विश्वस्त मगनभाई यांच्याकडे नेला. हे गृहस्थ कापडवाले. दोन लूमांपासून सुरुवात करून आज किती आहेत हे त्यांनाही नक्की ठाऊक नसेल. मनाने मोठे, पण प्रत्येक गोष्टीचा विचार कारखान्याच्या बाजूने करतात. गणिताला शिक्षक द्या म्हटल्यावर त्यांनी पंधरवड्यात शाळेला संगणक पाठवून दिला. सोबत एक असा कार्यक्रम होता की त्यात पडद्यावर घनाकृती काढता येतात, आणि काढून झाल्या की हव्या तशा फिरवूनही बघता येतात. वीट काढा, गोल काढा, डबा काढा, शंकू काढा. मग ती आकृती कुशीवर वळवा, उलटी करा, तिच्या पोटाखालून बघा. मगनभाईंचे म्हणणे स्वच्छ होते. "मशीन छे, तो मास्तरनुं शुं काम?" दसऱ्यानंतरच्या सोमवारी ते स्वतः वर्गात येऊन बसणार, आणि मशीनने गणित शिकवले असे त्यांना दिसले की शिक्षकाची जागा भरायची नाही, हे ठरले. मशीनने शिकवले नाही तर काय, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांच्या कारखान्यात असे कधी होत नाही.

म्हणजे माझी अवस्था पाहा. प्रयोग फसला तर दात्यापुढे शाळेची लाज जाणार, आणि साधला तर वैशालीला जन्मभर गणिताचा शिक्षक मिळणार नाही. आणि प्रयोग करणार कोण, तर मी.

संगणक बसवून द्यायला दुकानातून एक तरुण आला आणि एका दुपारात त्याने शोभाबाईंना आणि मला सगळे शिकवले. (त्याचा त्याबद्दलचा आत्मविश्वास अजूनही टिकून असेल.) या यंत्राला एक शेपटीवाली वस्तू असते, तिला माऊस म्हणतात. ती टेबलावर सरकवली की पडद्यावर एक बाण सरकतो. आमच्या रामदास शिपायाने 'माऊस'चा अर्थ विचारला आणि मी भाबडेपणाने 'उंदीर' असे सांगितले. दाजी, तीन वर्षांपूर्वी प्लेगच्या वेळी याच शहरातून माणसे मिळेल त्या गाडीला लोंबकळून पळाली. रामदास त्यात होता, नंदुरबारपर्यंत उभ्याने गेला होता. तो म्हणाला, जिवंत असो नाहीतर प्लास्टिकचा असो, मी त्याला हात लावणार नाही. तेव्हापासून तो टेबल पुसतो, पडदा पुसतो आणि माऊसच्या भोवती तेवढी जागा सोडतो, त्यामुळे तिथे माऊसच्या आकाराचे धुळीचे बेट तयार झाले आहे.

घनाकृती काढायची रीत अशी. माऊस आडवा सरकवून लांबी द्यायची, आपल्याकडे ओढून रुंदी द्यायची, मग एक कळ दाबून माऊस पुढे ढकलला की उंची येते. शेवटची पायरी मला समजायला वेळ लागला. 'आता उंची द्या' असे तो तरुण म्हणाला तेव्हा मी माऊस टेबलावरून उचलून छातीपर्यंत वर नेला. उंची ही वरच्या दिशेला असते असे मी आजवर समजत आलो आहे. तो तरुण काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. पण दोन-चार दिवसांत मला ते साधले. मी वीट काढली. पडद्यावर ती खरोखर उभी राहिली, आणि फिरवल्यावर तिची मागची बाजूसुद्धा दिसली. विटेला पुस्तकात इष्टिकाचिती म्हणतात. या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे, यज्ञवेदीच्या निमित्ताने आम्ही पूर्वी भेटलेले आहोत, पण तिला अशी गिरकी घेताना मी प्रथमच पाहिले. खरे सांगतो, मी दुपारची सुटी विसरून ती फिरवत बसलो. आपण फळ्यावर मागच्या कडा तुटक रेघांनी काढायचा आणि म्हणायचा, 'या दिसत नाहीत, पण आहेत असे समजा.' इथे समजायला काही उरतच नाही. मला वाईट वाटले. समजा म्हणताना आपला आवाज फार छान लागत असे.

आता दसरा. आपल्याकडे जशी खंडेनवमीला शस्त्रे आणि हत्यारे पुजतात तशी इथे दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी अख्ख्या उधन्यात लूम बंद, सगळीकडे झेंडूच्या माळा, आणि वर्षातून एकदा रस्त्यावरचे बोलणे ऐकू येते. मगनभाईंचा निरोप आला की माझ्याकडे पूजेवाचून मशीन चालू होत नाही, तेव्हा शाळेच्या मशीनचीही यथासांग पूजा व्हावी. पुरोहित शोधण्याचा प्रश्न नव्हता. जो गणित शिकवू शकतो तो पूजा सांगू शकतोच.

पूजा उत्तम झाली. माझ्या शिकवण्याबद्दल मी कधी असे म्हणत नाही, म्हणून इथे म्हणतो. पडद्याला शोभाबाईंनी आपली ठेवणीतली शाल पांघरली. कळफलकावर त्या प्रत्येक कळीला कुंकू लावणार होत्या, मी त्यांना चार कोपऱ्यांवर थांबवले. पंचामृताचा अभिषेक मी मनातल्या मनात केला, एवढा विज्ञाननिष्ठ मी आहे. राहता राहिले आसन. पूजेत मुख्य देवता तांदळाच्या राशीवर बसवायची, हे आपण जाणताच. संगणक राशीवर बसवायचा तर पोतेभर तांदूळ लागले असते. तेव्हा संपूर्ण यंत्राचा प्रतिनिधी म्हणून त्यातला जो भाग हाताने उचलता येतो तो घ्यावा, असा निर्णय मी दिला. शिवाय तो गणपतीचे वाहन, त्यामुळे शास्त्रार्थही सुटला. शोभाबाईंनी कुंकवात तूप घालून भरपूर अक्षता भिजवल्या, ताम्हनात त्यांची छान रास केली, आणि मी मंत्रपूर्वक माऊस त्यावर स्थानापन्न केला. शेपटी संगणकाला जोडलेलीच होती. फार शोभून दिसत होता.

पूजेला बसवलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही. मधे रविवार आला. सोमवारी सकाळी मगनभाई यायच्या आधी मी उत्तरपूजा केली. आता उत्तरपूजेत देव हलवतात, हे आपल्याला मी काय सांगावे? अक्षता वाहायच्या, 'पुनरागमनाय च' म्हणायचे आणि मूर्ती जागच्या जागी जरा सरकवायची, म्हणजे देवता मोकळी झाली. मी ते नीट केले. घाई केली नाही. माऊसवर तळहात ठेवून त्याला त्या तुपाळ राशीवर उजवीकडे, डावीकडे, पुढे आणि मागे असा सावकाश हलवला. विधीत एवढे चारही दिशांना हलवणे नाही, पण दुकानातल्या तरुणाने हाताला तसे वळण लावले होते.

त्या माऊसच्या पोटात खालच्या बाजूने एक गोळी असते, ती फिरते म्हणून बाण फिरतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या तरुणाने फक्त पाठ दाखवली होती.

पुढच्या बाकावर मगनभाई बसले. बाक दहावीच्या मुलांसाठी केलेला असल्याने ते त्यात एका बाजूने शिरले आणि तसेच राहिले. त्यांच्या शेजारी शोभाबाई, मागे सगळी मुले. वैशाली दुसऱ्या बाकावर, पेन्सिल टोक करून तयार. मी प्रस्तावना म्हणून इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रास असा विग्रह करून सांगितला (तेवढाच भाग मला येत होता, म्हणून तो जरा लांबवला), आणि माऊस हाती घेतला. आडवा सरकवला, लांबी आली. आपल्याकडे ओढला, रुंदी आली नाही. पडद्यावर एक आडवी रेघ होती. कळ दाबून पुढे ढकलला. उंचीही आली नाही. रेघ तेवढी थोडी लांबली.

मी म्हणालो की आपण लांबीपासून सुरुवात करतो आहोत, बाकीचे क्रमाने येईल. मगनभाईंनी मान डोलावली. मी पुन्हा ढकलला. रेघ. जोर करून ढकलला. रेघ. अगतिक होऊन मी माझ्या मूळ समजुतीकडे परतलो आणि माऊस उचलून कानापर्यंत वर नेला. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबले, ते नाकातून निसटले. विटेचे जमत नाही म्हणून मी शंकू घेतला, तोही आडवा पडला. मग डबा, मग गोल. दाजी, जगातल्या यच्चयावत घनाकृती मी एकामागून एक त्या यंत्रात घातल्या आणि प्रत्येकीची एकच आडवी रेघ झाली. नाना नामरूपे शेवटी एकाच तत्त्वात विलीन होतात असे मी पंचवीस वर्षे शिकवत आलो, पण ते असे समोर घडताना बघवत नाही.

"मास्तर," मगनभाई शेवटी फार सौम्यपणे म्हणाले, "आ तो लीटी छे."

मी मान्य केले की ही रेघच आहे.

"ईंट क्यां छे?"

विटेचा ठावठिकाणा मला सांगता येईना. शोभाबाई साडीच्या पदराशी काहीतरी करत होत्या. मगनभाई त्या बाकातून प्रयत्नपूर्वक बाहेर आले, माझ्या हातातून माऊस घेतला आणि अडलेल्या यंत्राला धन्याने द्यावा तसा त्याला दोनदा जोरात झटका दिला. खालची चकती उडाली. आतून ती गोळी निघाली, टेबलावर टप्पा घेऊन जमिनीवर पडली आणि बाकांखालून धावत सुटली. मुलांनी इतके दिवस दाबून ठेवलेला सगळा उत्साह त्या एका गोळीवर काढला. अर्धा वर्ग बाकांखाली, अर्धा बाकांवर. मी 'शांत राहा' असे म्हणत राहिलो. पण तेव्हाही माझ्या मनात आले की आज या वर्गात दिसलेली पहिली खरीखुरी घनाकृती हीच.

गोळी कपाटाखाली सापडली. ती काढायला रामदास पुढे झाला आणि त्याने ती प्रयोगशाळेतल्या लांब चिमट्यात धरून, हात पूर्ण लांब करून, तोंड फिरवून आणली. मगनभाईंचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. उलट्या माऊसमधून त्यांच्या तळहातावर तांदळाचे लाल दाणे पडले होते, तुपाने एकमेकांना चिकटलेले. ते कुठून आले हे त्यांना एका क्षणात कळले असावे, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नंतर भिंतीवरच्या झेंडूच्या माळेकडे पाहिले. आता रागावायचे तर कशावर? पूजा त्यांच्याच निरोपावरून झालेली. शेवटी त्यांनी एक दाणा कपाळाला लावला आणि बाकीचे रुमालात बांधून खिशात ठेवले.

माऊस पुसून, त्याच्या पोटातला पुढे-मागे जाण्याचा जो रूळ दाण्यांनी अडला होता तो मोकळा करून, गोळी पुसून, चकती बसवून मी पुन्हा बसलो. आणि वीट आली. लांबी आली, रुंदी आली, आणि पुढे ढकलताच ती अशी सरसर वर चढली की मागच्या बाकावरची मुले आपोआप उभी राहिली. मी तिला फिरवले. मग शंकू काढला, तो टोकावर उभा केला, आडवा केला, त्याच्या तळाचे वर्तुळ सगळ्यांना दाखवले. मुले बाकांवरून पुढे वाकून बघत होती. तुम्ही असता तर तुम्हीही वाकला असता, निदान थोडे.

मगनभाई खूश झाले. ते वर्गाकडे वळून म्हणाले, थई गयुं ने, झाले ना, शिकला ना सगळे? आणि इथेच, दाजी, सगळा घात व्हायचा होता. कारण सगळे फार सुंदर दिसत होते. मुलांनी एका सुरात 'हो' म्हटले असते तर तिथेच सगळे संपले असते, आणि मुले एका सुरात 'हो' म्हणण्यात तरबेज असतात. काही तोंडे उघडलीही होती. तेवढ्यात वैशाली उभी राहिली.

ती म्हणाली, "दिसला सर. शंकू नीट दिसला. पण त्याच्या बाहेरून कापड लावायचं तर किती लागेल, ते कसं काढायचं?"

मगनभाई पडद्याकडे वळले. पडद्यावर शंकू होता, गोल गोल फिरत होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, जसे काही तो आता सांगेल. मग माझ्याकडे वळले. मी शंकू शब्दाची व्युत्पत्ती सांगू शकलो असतो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती सांगितली नाही. मग त्यांनी शोभाबाईंकडे पाहिले. त्यांचा विषय भूगोल आहे. कापडाचा प्रश्न, कापडवाल्यापुढे विचारलेला, आणि अख्ख्या खोलीत त्याचे उत्तर कुणाजवळच नाही. मगनभाईंना हे जितके लागले तितकी ती रेघही लागली नव्हती.

ते वैशालीला गुजरातीत म्हणाले की बस बेटा. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "लूम गमे तेटलो सारो होय, कारीगर तो जोईए ज."

लूम कितीही चांगला असला तरी कारागीर लागतोच, एवढे बोलून ते निघाले. दारात थांबून शोभाबाईंना म्हणाले की मार्चच्या परीक्षेपर्यंत शिकवायला गणिताचा मास्तर आणा, पण लवकर, दिवाळीच्या सुटीनंतर वर्गात उभा दिसला पाहिजे, आणि आयता तयार पाहिजे, शिकाऊ नको. दिवाळीनंतर आला नाही तर मग मी आणि मशीन. त्यांनी 'मी' असे म्हटले नाही, पण माझ्याकडे बोट केले, आणि ते करताना त्यांचा चेहरा जरा दुःखी झाला.

तेव्हा असे सगळे झाले. माझ्या नशिबाने पूजेचे फळ मिळाले. आपल्याला हसू यावे एवढ्यासाठीच हे विस्ताराने लिहिले. निवृत्त माणसाला करमणूक लागते. बाकी सर्व क्षेम. कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्यासाठी घारीचा एक डबा वेगळा पाठवत आहे. (तो ताईने उघडावा. आपण उघडल्यास त्याची उंची मोजण्यापूर्वी एक तरी खावी.)

आपला आज्ञाधारक मेहुणा,
मधुकर

ता. क. : हे लिहायचे राहूनच गेले. शोभाबाईंनी आयता तयार गणिती माणूस कुठे मिळेल असे विचारले तेव्हा माझ्या तोंडून आपले नाव गेले. त्या इतक्या आनंदल्या की मला ते परत घेता आले नाही. दिवाळीनंतर शाळा उघडल्यावरच्या पहिल्या सोमवारी पहिला तास दहावी, गणित, श्री. रघुनाथराव, असे वेळापत्रक नोटीसबोर्डावर लागले आहे. अमळनेरहून गाडी थेट येते. सुरतेपर्यंत जाऊ नका, उधना जंक्शनला उतरा, मी फलाटावर असेन. राहायला आमच्याकडे पुढची खोली रिकामी केली आहे. येताना आपली ती लाकडी घनाकृतींची पेटी आणावी. इथे वीज जाते, आणि वीज गेल्यावर वीट पाहायची तर हातात धरायची वीटच लागते. पेटीतली वृत्तचिती ताई हल्ली पोळ्या लाटायला वापरते असे ऐकले. ती धुऊन आणावी.

ता. क. २ : नोटीसबोर्ड वाचून वैशाली दुसऱ्या दिवशी हजेरीला पहिल्यांदाच 'हजर' म्हणाली. मग तास संपल्यावर मागे थांबली आणि तिने विचारले की येणारे सर ओरडतात का. मी खरे ते सांगितले, की ओरडतात, चूक दिसली की पेन काढून घेतात, आणि एकच उदाहरण जमेपर्यंत घरी सोडत नाहीत. तिला फार बरे वाटलेले दिसले. आता 'येतील' हा शब्द मी एवढ्या दिवसांत प्रथमच खरा वापरला आहे. तो खोटा पाडू नका.

ता. क. ३ : हे आपण वाचू नये, कारण मी वाच्यता न करण्याचे वचन दिले आहे. ताईचा गेल्या आठवड्यात एसटीडी बूथवरून फोन आला होता. आपण तिच्या सगळ्या डब्यांची घनफळे काढून त्याप्रमाणे ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, आणि प्रत्येकावर आतल्या पदार्थाचे नाव न लिहिता आकृतीचे नाव लिहिले, असे तिने सांगितले. त्याच्या आदल्याच दिवशी तिने चहात साखर म्हणून इनो टाकले होते. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मधू, तुझ्या शाळेत यांना डांबून ठेवता येईल असा एखादा वर्ग नाही का रे?" तेव्हा तुमचे नाव माझ्या तोंडून गेले ते अगदीच सहज गेले असे नाही. ताई तुमच्याबरोबर सुरतेला येईल अशी मात्र अपेक्षा ठेवू नका. माझे पत्र मिळेपर्यंत तिने तुमची बॅग भरलेली असेल आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या असतील.